उत्तम सत्याच्या दिवशी

१९३८ साली ब्राह्मी बेळगावात मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि टिळकवाडीत एका भाड्याच्या खोलीत राहायची. निपाणीचे तंबाखूवाले जिनाप्पा यांची ही एकुलती एक लेक. सगळ्यांचा विरोध पत्करून त्यांनी तिला पुण्याला बी.एस्सी.ला धाडलं होतं.

त्या श्रावणात जिनाप्पा घशातली गाठ दाखवायला आले. डॉक्टरांनी ब्राह्मीला बाजूला घेऊन सांगितलं, वर्ष निघणं कठीण. तिच्या तोंडाकडं बघूनच आप्पांनी ते ओळखलं. खोलीवर येऊन ते खाटेच्या कडेला बसले.

"लई भ्या वाटतंय, बाळ. जीव जाईल तिकडं जाईल. पण हे अंग? ज्या परमाणूंचं झालंय, ते तरी ऱ्हातात न्हवं? आपल्या जैन शास्त्रात परमाणूला मरण न्हाय म्हणतात. तुमचं सायन्स काय म्हणतं?"

वाचनालयातल्या एका इंग्रजी मासिकात ब्राह्मीनं नुकतंच वाचलं होतं, की इलेक्ट्रॉनला त्याचा उलट्या विजेचा जोडीदार भेटला तर दोघंही नाहीसे होतात, मागं नुसता प्रकाश उरतो. काही विद्वान तर म्हणत, कण मूळ नव्हेतच. मूळ आहे ते सगळीकडं पसरलेलं क्षेत्र. कण म्हणजे त्यात उठलेली लाट. ते वाचल्यापासून टेबलावर हात टेकतानाही तिला धसका बसायचा.

"व्हय आप्पा, ऱ्हातात," ती म्हणाली.

भाद्रपदात आप्पांचं कार्ड आलं. दशलक्षण पर्वात, खरं बोलण्याला वाहिलेल्या उत्तम सत्याच्या दिवशी, निपाणीच्या बसदीत, म्हणजे जैन मंदिरात, तिचं भाषण ठेवलं होतं. सायन्सनंही परमाणू अमर मानलाय, हे लोकांना तुझ्या तोंडून ऐकू दे, असं त्यांनी लिहिलं होतं.

निपाणीला जाताना संकेश्वरला मोटार थांबली, तेव्हा उतरून परत फिरावं असं तिला वाटलं. खरं बोलले तर आप्पा जागीच खचतील. खोटं बोलले तर बसदीत, त्याच दिवशी!

बसदीत ती बोलायला उभी राहिली. पुढंच आप्पा बसले होते, गळ्याला उपरणं गुंडाळून.

"आप्पांना मी खोटं सांगितलं," ती म्हणाली, आणि मासिकात वाचलेलं सगळं तिनं सांगून टाकलं.

कुजबुज वाढली. बसदीचे पुजारी धरणेंद्र उपाध्ये उठून म्हणाले, "घाबरताय कशाला? प्रकाशबी पुद्गलच की, जड पदार्थच! रूप बदललं, द्रव्य कुठं गेलं?" लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. आप्पांनी मान वर केली नाही.

घरी जाताना वाटेत त्यांनी विचारलं, "उपाध्ये म्हणतात ते खरं असंल?"

"ठाऊक न्हाय, आप्पा. कण मूळ का क्षेत्र मूळ, ह्यावर मोठमोठ्या विद्वानांचंबी एकमत न्हाय."

ते थांबले. एका दुकानाच्या भिंतीचा आधार घेत म्हणाले, "मग मी काय धरू गं?"

"मलाबी भ्या वाटतंय," ती म्हणाली.

"एवढं शिकून?"

"शिकल्यावरच वाटाय लागलंय."

आप्पा तिच्या खांद्यावर हात टाकून चालू लागले.

ब्राह्मीनं रजा घेतली. आप्पा रोज तिच्याकडून त्या मासिकातलं मराठीत सांगून घ्यायचे आणि परमाणूची बाजू घेऊन भांडायचे. "लाट म्हणतीस, मग पाणी कशाचं?" असं विचारायचे. भांडण रंगलं की पेज दोन घोट जास्त जायची. पण दुपार कलली की भीती परत यायची आणि ते भिंतीकडं तोंड करून पडायचे.

पौषात ते गेले. जाताना त्यांनी तिचं मनगट घट्ट धरलं होतं. बोटं सोडवायला शेजारच्या अंबुबाईंना बोलवावं लागलं.