समासातला ‘पण’

समजा, तुमच्या पुढ्यात एक जुनं पुस्तक आहे. शिवण उसवलेली, पुठ्ठा सुटलेला, कडा झिजून वेड्यावाकड्या झालेल्या. तुम्ही वाळलेला सरस ओल्या फडक्यानं सोडवता, पानं पुन्हा शिवता, पाठीला खळ लावून दाबात ठेवता. शेवटी तिन्ही कडा मशीनवर सरळ कापायच्या. पातं एकदा खाली आलं की परत फिरता येत नाही. कापा पाहू, हात न थरथरता!

माझी आत्या हे काम एकतीस वर्षं करते आहे. शिक्षण सातवीपर्यंत, पण खळ वाळेपर्यंत समोर असेल ते पान वाचायची तिला सवय. त्यामुळे तिला सगळं थोडं थोडं ठाऊक असतं आणि कशाचाच शेवट ठाऊक नसतो. फार जुन्या काळच्या विचारवंतांवर तिचा भारी जीव. “दोन हजार वर्षांपूर्वीची माणसं,” ती म्हणते, “पण बोलतात शेजारच्यासारखी. शिवाय वेळी-अवेळी दार वाजवत नाहीत.”

असंच एक पुस्तक गेल्या वर्षी सिस्टर घेऊन आल्या. इस्पितळातून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणते. नीट कसं जगावं यावरचे जुन्या विचारवंतांचे बोल; पुस्तक त्यांच्या दिवंगत यजमानांचं. “रोज एक पान वाचते, तेवढं वाचता येईल असं करून द्या,” इतकंच त्या म्हणाल्या.

आत्यानं मन लावून शिवलं. मशीनला नवं पातं मीच बसवलं होतं. यंत्रांचं शिकलेली ना मी, ऐटीत म्हटलं, “आत्या, लोण्यासारखं कापेल बघ.”

लोण्यासारखंच कापलं. मग खालच्या कात्रणांच्या पोत्यात पडलेल्या पट्ट्यांवर तिला पेन्सिलीची अक्षरं दिसली. यजमानांनी मोजक्याच पानांवर, समासात अगदी कडेला, बारीक लिहिलेलं होतं. कापण्याआधी प्रत्येक पानाचा समास बघायचा, हा तिचाच नियम. नव्या पात्याच्या कौतुकात तो तिच्याच हातून मोडला.

तिनं एक पट्टी उचलून उजेडात धरली.

“सिस्टरना कुठे कळणार आहे?” मी म्हटलं.

“रोज वाचतात त्या. आणि त्यांना नाही कळलं, तरी मला कळलंय ना?” पुस्तकाकडे बोट करून ती म्हणाली, “यातच आहे बघ, चूक झाली तर दुसऱ्यानं शोधण्याआधी आपण सांगावी. वाचताना किती सोपं वाटलं होतं मेलं!”

पात्याबद्दल मला मात्र ती अवाक्षर बोलली नाही. ते मी अजून विसरलेले नाही.

दोन दिवस ती कात्रणांचं पोतं उपसत होती. अर्धं अक्षर अर्ध्या अक्षराला जुळवायचं, मागून पातळ कागदानं चिकटवायचं, आणि पट्टी आत दुमडून ठेवायची, म्हणजे कड सरळ राहील आणि घडी उघडली की लिहिलेलं दिसेल.

सिस्टर आल्या, तेव्हा पुस्तक हातात देण्याआधीच तिनं सगळं सांगून टाकलं.

सिस्टरनी एक घडी उघडली. मग दुसरी. आणि खुदकन हसल्या. “इतकं बारीक, मी आजवर वाचलंच नव्हतं! ‘वेदना म्हणजे मनाची समजूत,’ याच्या शेजारी ऐका काय लिहिलंय! ‘हे ज्याची दाढ दुखते आहे त्याला सांगून बघा.’ जन्मभर माझ्याशी वाद घातला, पुस्तकातल्या या बिचाऱ्यांनाही सोडलं नाही!” हसता हसता त्यांनी डोळे टिपले. “ताई, इस्पितळात एकदा माझी चूक झाली होती. रुग्णाला काही झालं नाही, म्हणून मी बोलले नाही. तुम्ही बोललात. उपकार झाले.”

“उपकार कसले, मीच कापलं की!” आत्या म्हणाली.

आता सिस्टर दर आठवड्याला येतात. आत्या शिवते, त्या तेच पुस्तक वाचून दाखवतात, अगदी शेवटापर्यंत. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच तिचं एखादं पुस्तक पुरं होतंय.

एक पट्टी मात्र सापडलेली नाही. ‘हातून निसटलं त्याचा शोक करू नये,’ या ओळीशेजारी पेन्सिलीनं लिहिलंय, ‘पण’. पुढे कागदच नाही. परवा ते पान आलं, तशी आत्याची सुई थांबली.

“अहो सिस्टर, तुम्ही तर त्यांच्याबरोबर जन्म काढलात. या ‘पण’च्या पुढे काय म्हणायचं असेल हो त्यांना?”