पोपटांची वाटणी

सकाळी सहाच्या सुमारास दुधाचे कॅन लटकवलेल्या मोटरसायकली खेड्यांकडून उज्जैनात शिरायच्या, त्याच वेळी रजनी पोतनीस देवास गेटच्या स्टँडवरून खेड्याकडे निघालेली असायची. कंडक्टर तिला न विचारताच करोंदियाचं तिकीट फाडून द्यायचा. पोतनिसांच्या कुठल्याशा पूर्वजाने शिंद्यांच्या दफ्तरात लेखणी झिजवली म्हणून तिथे नऊ बिघे जमीन मिळालेली. पुढच्या सहा पिढ्यांनी ती दुसऱ्याच्या हातून पिकवली आणि स्वतः फायलींवर सह्या केल्या. मातीत हात घालणारी ही पहिलीच, आणि तीही बाहेरून आलेली. रजनीचं माहेर महिदपूरचं, वडिलांकडे दावणीला पाच-सात जनावरं. उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या सासरी तिला फक्त थोरले दीर नावाने हाक मारत. बाकी घर, आळी आणि अख्खं करोंदिया तिला अक्का म्हणायचं.

करोंदियात तिच्या चार माळवी गाई होत्या. अंगाने आटोपशीर, रंगाने राखट पांढऱ्या, दूध वेळेला तीन लिटर, फार तर साडेतीन. पण पाणी बेताचं पीत आणि मेच्या उन्हात कडुनिंबाखाली निवांत रवंथ करत बसत. शेजारच्या गावात कुणी जर्सी आणली होती, तिला दुपारी पंखा लावावा लागे. अक्का ते ऐकून म्हणाली होती, "आमच्या ह्यांनाच पंखा लागतो, तेवढं पुरे आहे."

नव्वद सालानंतर सोयाबीनने करोंदियातली ज्वारी बांधाबांधाने हाकलून लावली. देवास रोडला तेलाचे प्लांट उभे राहिले, लोक सोयाबीनला पीला सोना म्हणायला लागले. सोयाबीनच्या मागून गहू घ्यायचा तर पाणी हवं, म्हणून ट्यूबवेल आले. आधी दोनशे फूट, मग चारशे. अक्काच्या विहिरीचं पाणी दर उन्हाळ्यात दोन पायऱ्या आणखी खाली जाऊ लागलं. ज्वारीचं तसं नव्हतं. काळ्या मातीने पावसाळ्यात पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर ती पिकते, विहिरीकडे बघतसुद्धा नाही. वर पुरुषभर उंच कडबा देते. चरनोईची, म्हणजे गावच्या गायरानाची, जमीन कमी होत होत पायवाटेएवढी उरली होती, तेव्हा गाई जगवायच्या तर कडबा हवाच. म्हणून अक्का नऊपैकी चार बिघ्यांत जुनी उंच ज्वारी आणि मधूनमधून तूर पेरायची. सगळ्या शिवारात एकटीच.

आणि तिथेच गोची होती. पाच कोसांतले पोपट कुठे जाणार? सोयाबीन त्यांना नको. मग दाणा दुधात आला की हिरवा ढगच्या ढग अक्काच्या चार बिघ्यांवर उतरायचा. शेजारचा शेतकरी श्रीनाथ बांधावर उभा राहून विचारायचा, "अक्का, ज्वार बोई री हो के तोता पाली री हो?"

सन दोन हजारच्या आषाढात भय्यासाहेबांनी, म्हणजे त्या थोरल्या दिरांनी, विषय संपवायचं ठरवलं. माणूस वाईट नव्हता. कोर्टात वकिली करून केस पांढरे झालेले, त्यामुळे घरातसुद्धा मुदत घालून बोलायची सवय. ते म्हणाले, हा एक हंगाम शेवटचा. ज्वारीने गाईंना कडबा द्यावा आणि घराला वर्षाची भाकरी. दोन्ही झालं तर गाई राहतील. नाही झालं तर नऊच्या नऊ बिघे सोयाबीनला बटाईने द्यायचे आणि गाई आखातीजेच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, हाटात नेऊन विकायच्या. अक्काने कबूल केलं. तिने शब्द दिला की तो मोडायची नाही, हे भय्यासाहेबांनाही ठाऊक होतं.

त्या वर्षी तिने नवऱ्याला कामाला लावलं. मधुकरराव रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून नुकतेच रिटायर झाले होते आणि घरात दिवसभर पेपर वाचून अक्काच्या जाऊबाईंना परेशान करत होते. शेतात माळा बांधला, त्यावर छत्री बांधली आणि मधुकररावांच्या हातात गोफण दिली. पहिला दगड मागे गेला आणि श्रीनाथच्या मडक्याला लागला. आठवड्यात नेम सुधारला, पण पोपट त्याहून लवकर सुधारले. गोफण इकडे फिरली की ते तिकडच्या कणसांवर जात. मधुकरराव संध्याकाळच्या बसमध्ये सांगायचे, "पार्सल ऑफिसात एक नग हरवला तर तीन महिने चौकशी चालायची. इथे रोज हजार नग उडून जाऊन राहिलेत आणि कुणी विचारायला तयार नाही."

राखीनंतर पाऊस जो गेला तो आलाच नाही. श्रीनाथच्या सोयाबीनच्या शेंगा चपट्या राहिल्या. अक्काची ज्वारी उभी राहिली, दाणाही भरला, आणि आजूबाजूला दुसरं काहीच हिरवं नसल्यामुळे त्या वर्षी पोपट दुप्पट आले. खळ्यावर दोन पोती दाणे निघाले. चार बिघ्यांत दोन पोती. कडबा मात्र भरपूर झाला, तीन गंज्या लागल्या.

भय्यासाहेब स्वतः बघायला आले. पोत्यांवर हात ठेवून म्हणाले, "रजनी, भाकरी कुठाय?"

अक्काने पोत्याचं तोंड बांधलं. मग म्हणाली की आखातीजेला गाई हाटात नेते. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मधुकररावांनी गोफण गुंडाळून पिशवीत घातली.

माघ लागला तोवर करोंदियातल्या ट्यूबवेलांनी एकामागून एक हवा ओकायला सुरुवात केली. गहू फार थोड्यांनी पेरला होता, तोही वाळला. गहू नाही म्हणजे भुसा नाही. सोयाबीनचं कुटार जनावरं तोंडात घेत आणि टोचलं की टाकून देत. श्रीनाथच्या बैलांच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. फाल्गुनात तो अक्काच्या गोठ्यापाशी आला, थट्टा घरी ठेवून. कडबा विकत देता का, असं त्याने बांधाकडे बघत विचारलं.

विकायचं भय्यासाहेबांच्याही मनात होतं. देवासचा एक व्यापारी ट्रक घेऊन यायला तयार होता. गाई जाणारच आहेत तर कडबा ठेवून करायचं काय, असं त्यांचं म्हणणं, आणि ते सरळच होतं. पण अक्काच्या डोक्यात खळ्यापासून एक गोष्ट घोळत होती. ती तिने त्या दिवशी श्रीनाथला सांगितली.

"पैसे नकोत. आपल्या चार जनावरांपुरता ठेवून बाकीचा कडबा गावाला देते. पण जो नेईल त्याने येत्या आषाढात एक बिघा ज्वारी पेरायची. बी माझं."

श्रीनाथला वाटलं, बाई पुण्यकर्म करते आहे. तो हात जोडायला लागला.

"हात कशाला जोडतोस? तोते वाटून घे म्हणते मी. पंगत तेवढीच आहे आणि वाढणारी मी एकटी. म्हणून माझं घर धुऊन निघतं. अकरा जणांनी एकेक पान वाढलं तर कुणाला जड जाईल?"

श्रीनाथ इतक्या जोरात हसला की गाईंनी माना वळवल्या. दोन दिवसांत अकरा जण आले. घराला पुरली नसती ती दोन पोती अक्काने बियाण्याला काढून ठेवली. भय्यासाहेब रागावले. ट्रक परत गेला.

आखातीजेला अक्का शब्दाप्रमाणे चारही गाई घेऊन हाटात गेली. मधुकरराव बरोबर होते, भय्यासाहेबही. हाटात जनावरंच जनावरं होती आणि गिऱ्हाईक एकही नाही. दुष्काळात दुसऱ्याचं खाणारं तोंड कोण घेणार? लोक आपल्या गाई तशाच सोडून जात होते, हाडांवर कातडं ताणलेल्या. त्यांच्यात अक्काच्या चार गाई तेवढ्या लख्ख, पोटभर खाल्लेल्या. एक म्हातारा शेतकरी थांबला, त्याने एकीच्या पाठीवरून हात फिरवला आणि भय्यासाहेबांना विचारलं, मालक, काय खायला घालता? भय्यासाहेबांना उत्तर माहीत होतं. त्यांनी ते दिलं, मग बराच वेळ छत्रीच्या मुठीशी चाळा करत उभे राहिले. दुपारी म्हणाले, "घेऊन चल घरी. एक तारीख वाढवून देतो. पण भाकरी हवी, रजनी."

अकरांपैकी सात जणांनी पेरली. चौघांनी कडबा खाऊ घातला आणि शब्द खाल्ला, ते चालायचंच. पाऊस बरा झाला. पोपट आले तेवढेच आले, पण आता त्यांना आठ ठिकाणी जायचं होतं. मधुकररावांना माळ्यावर चक्क डुलकी काढता येऊ लागली. अक्काच्या खळ्यावर नऊ पोती निघाली. सातही जणांकडे घरापुरती ज्वारी आणि दावणीला कडबा झाला. पहिल्या पिठाच्या भाकऱ्या अक्काने फ्रीगंजच्या घरी स्वतः थापल्या. भय्यासाहेबांनी तिसरी मागून घेतली आणि गाईंचा विषय त्यानंतर त्या घरात निघाला नाही.

पुढच्या ज्येष्ठात श्रीनाथच्या ओट्यावर बैठक बसली. शब्द खाल्लेले चौघेही आले होते, बी मागायला. कुणी किती पेरायची ते ठरत होतं, तेवढ्यात श्रीनाथ तक्रार घेऊन उठला. त्याच्या शेताच्या कडेला बाभळी आहेत, पोपट आधी तिथे उतरतात, म्हणजे त्याच्या वाट्याला जास्त येतात. ही वाटणी बरोबर नाही.

"म्हारा खेत में घणा आवे, अक्का," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "इस साल म्हारा दस-बीस दूसरों में डालो."

सगळे अक्काकडे बघू लागले. कुणीही हसलं नाही. प्रत्येकाला आपापला वाटा वाढेल की काय याची धास्ती होती.

अक्काने सुपातलं बी चाळता चाळता विचार केला.

"बाभळी तुझ्या, तर पाहुणे तुझे," ती म्हणाली. "तू दोन बिघे पेर."