डावा पाय ओढणारी पहारेकरीण

विजय नगरच्या त्या ऑफिसातल्या आमच्या साहेबाला मी आजही माफ केलेलं नाही, आणि करायचा विचारही नाही.

तिथे आम्ही एक व्हिडिओ गेम करत होतो. सगळी चित्रं हाताने, कागदावर. त्यातली किल्ल्याची म्हातारी पहारेकरीण माझ्या वाट्याला आली. चेहरा मी मनाने रचला, पण चाल आईची दिली. लहानपणच्या पोलिओमुळे आई डावा पाय ओढत चालते, आणि त्याच पायांवर उभी राहून तिने जन्मभर शाळेत शिकवलं. तिची ती चाल पडद्यावर यावी, एवढंच मला त्या नोकरीतून हवं होतं.

ऑफिसची पद्धत अशी, की पात्र फक्त उजवीकडे चालताना काढायचं. ते डावीकडे वळलं, की तीच चित्रं कॉम्प्युटरवर आरशातल्यासारखी उलटवायची. निम्मं काम वाचतं. पण उलटवली की पहारेकरीण उजव्या पायाने लंगडायची. म्हणून मी दोन्ही बाजू वेगळ्या काढल्या. साहेब भडकला.

"मॅडम, कौन देखता है यार, कोणता पाय आहे ते? फालतू डबल मेहनत!"

"मी बघते."

"आणि चांगलं कॅरेक्टर लंगडं कशाला? अटक-अटक के चालतेय. सीधी करून टाका तिला."

मी साफ नाही म्हटलं. आमचं कडाक्याचं वाजलं, अख्ख्या ऑफिसने ऐकलं. मग आईला ताप आला म्हणून मी रजेवर गेले. तेवढ्यात त्या शहाण्याने पाय ओढतानाची चित्रं मधून वगळायला लावली आणि उरलेली उलटवून घेतली. परत आल्यावर मला दुसरं पात्र दिलं. मला सांगायची तसदीही कुणी घेतली नाही.

मला ते कळलं गेम तयार झाल्यावर, घरी. आईला शेजारी बसवून मी तोऱ्यात म्हटलं होतं, "यात तू आहेस. ओळख बरं."

पहारेकरीण आली आणि ताठ, झपाझप चालत निघून गेली. आईने तिच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. माझ्या अंगाची लाहीलाही झाली.

मग तळघरातून चेटकीण निघाली. दात विचकलेली, एक पाय ओढत येणारी. तिचं लंगडणं साहेबाला चाललं होतं.

आईने चष्मा सारखा केला.

"ही होय गं मी?"