नागीण माझी, गोळी फिटची

दुकानात चारचौघांत "आजी, फिट कधीपासून येते?" असं विचारायची गरज होती का? ग्रुपवरच्या सगळ्यांना नमस्कार नंतर करते.

मला नागीण झाली होती. फोड गेले, पण पाठीची आग जात नाही. डॉक्टरांनी त्यावर लिहिलेली गोळी आज मंडईजवळून आणायला गेले, तर दुकानदार म्हणतो, ही फिटची गोळी.

माझ्या भावाला फिट यायची. लोक त्याला चप्पल हुंगवायचे. ते आठवलं आणि गोळी घेऊन तडक घरी आले.

सूनबाई म्हणाली, "अहो आई, नसा शांत व्हायला हीच देतात. मी डॉक्टरांना विचारलंय."

"मग तूच खा," म्हटलं.

गोळी अजून हातातच आहे. खाल्ली तर मलाही फिट येईल का? ज्यांनी ही गोळी स्वतः खाल्लीय, त्यांनीच उत्तर द्यावं. बाकीच्यांनी नुसते जोडलेले हातही पाठवू नयेत.