अकरा नंबरच्या पोर्टची मर्यादा

कुसगावातल्या एका हॉटेलात मी कॉम्प्युटर आणि नेटवर्क सांभाळायचे. सगळ्या मजल्यांच्या केबल जिथे येऊन मिळतात ती चपटी पेटी, म्हणजे आमचा स्विच, जिन्याखालच्या खोलीत होता. धुतलेल्या चादरींचे गठ्ठेही तिथेच.

मॅनेजरच्या केबिनमध्ये वायफाय नीट यायचं नाही. सगळ्या खोल्या भरलेल्या एका शनिवारी त्याने घरून स्वतःचा राउटर आणला आणि मला न विचारता भिंतीतल्या नेटच्या सॉकेटला लावला. तो राउटर साऱ्या हॉटेलच्या कॉम्प्युटरना नेटवर्कचे चुकीचे पत्ते वाटत सुटला. रिसेप्शनवर बुकिंग दिसेना, पाहुणे काउंटरपाशी चिडून उभे. मी स्विचमध्ये पाहिलं तर अकरा नंबरच्या पोर्टवर, म्हणजे त्याच्याच केबलवर, एक अनोळखी यंत्र. धावत वर गेले, तोवर त्याने ते काढलं होतं. अर्धवट लावलेल्या ड्रॉवरमधून वायर लोंबत होती, पण त्याचा ड्रॉवर मी कसा उघडणार?

हॉटेलचे मालक, आमचे शेठ, आले. तो त्यांना म्हणाला, "सेटिंग हिनेच बिघडवलं. कोट्यातून डिग्री घेतली की असंच होणार."

रिसेप्शनवरच्या दोघी होत्या, वेटर होते, शेठ होते. सगळ्यांनी ऐकलं. मी स्विचमधली यादी दाखवायला गेले, पण यंत्र काढल्याबरोबर त्याची नोंदही गेली होती. सोमवारी माझ्या हातात लेखी ताकीद पडली.

तिकोणा पेठेला घरी आले आणि आईला ती वाचून दाखवली. ती अंगणात तांदूळ निवडत होती.

"तू न्हाई ना बिघडवलंस?"

"नाही."

"मग तू कशापायी रडतीस? त्याला रडव की."

दुसऱ्या दिवशी मी स्विचच्या प्रत्येक पोर्टवर किती यंत्रं चालतील याची मर्यादा घातली. हे आधीच करायला हवं होतं, ही माझी चूक. बाकीच्यांना दोन यंत्रं. तिसरं लावलं तर फक्त तेवढंच अडेल. अकरा नंबरला एकच, त्याचा लॅपटॉप. दुसरं काही लावलं की अख्खा पोर्ट बंद, आणि तो मी उघडेपर्यंत बंदच. नोंदी माझ्या कॉम्प्युटरवर जपल्या जातील अशी सोयही केली. नियम सगळ्यांना सांगितला. त्याला नाही सांगितला. मला तो सापडायला हवा होता.

पाच आठवडे त्याने काही लावलं नाही. मग आमच्याकडे बुकिंग करू पाहणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या लोकांशी त्याच्या केबिनमधून ऑनलाइन बोलणं ठरलं. शेठ शेजारी बसणार होते. त्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला.

"ए, माझं नेट गेलंय. पळत ये."

"येते, सर."

मी चहा मागवला. पूर्ण प्यायले. नोंदीचा कागद छापला आणि वर गेले.

"हिचं हे नेहमीचंच, शेठ," तो म्हणाला.

मी कागद शेठपुढे ठेवला. "अकरा वाजून सात मिनिटांनी या केबिनमध्ये दुसरं यंत्र लावलं गेलं. म्हणून पोर्ट बंद पडला."

"कुठलं यंत्र?" शेठनी विचारलं.

वायर जिथे गेली होती तिथला पडदा मी सरकवला. राउटर खिडकीत लुकलुकत होता.

"आधी चालू कर ना!" तो ओरडला.

"करते. त्या शनिवारी काय झालं होतं, तेवढं शेठना सांगा."

त्याने घड्याळाकडे पाहिलं. शेवटी तो पुटपुटला, "मीच लावला होता."

"रिसेप्शनला ऐकू जाऊ दे."

"बास झालं," शेठ म्हणाले.

मी खाली गेले. पोर्ट उघडायला एक मिनिट पुरतं. मी वीस लावली. त्या वेळात मला जे सुख मिळालं, ते लपवण्यात अर्थ नाही.

कंपनी दुसऱ्या हॉटेलात गेली. माझी ताकीद रद्द झाली. शेठ मात्र म्हणाले, "तू त्याला आधी सांगू शकली असतीस." खरंच होतं ते. पण कोट्याचं बोलणं त्याने परत घेतलं नाही, आणि शेठनीही घ्यायला लावलं नाही. दोन महिन्यांनी तो नोकरी सोडून गेला.

परवा वडगावला तहसील कचेरीच्या रांगेत तो माझ्या मागेच होता. "कशा आहात, मॅडम?" त्याने विचारलं. पहिल्यांदाच अहो-जाहो केलं. मी मान न वळवता फॉर्म भरत राहिले.