गोळीचं फिनिशिंग

माझा दादा फर्निचरला पॉलिश करतो, असं तो सांगतो. मला विचाराल तर तो जन्मल्यापासून जगाला घासतोय, मग जगाला ते हवं असो की नसो. बाजारात त्याला सगळे ‘फिनिशिंग’ म्हणूनच ओळखतात. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी आधी टेबलाखालून बोट फिरवणार, मग बसणार, आणि निघताना घरमालकाला ऐकवणार की खालची कड राहिलीय. माझ्या लग्नात सगळे नवरा बघत होते, तेव्हा हा स्टेजची पायरी चाचपत होता. वहिनीनं इतकी वर्षं याच्याशी संसार कसा केला, ते तिचं तिलाच ठाऊक. ती म्हणते, केला कुठला, मीच घासून गुळगुळीत झाले.

अशा माणसाच्या आतड्यानंच दगा दिला. मोठ्या आतड्याला आतून जखमा, शौचातून रक्त, दिवसभर पळापळ. लाखेचं पॉलिश एका दमात मारावं लागतं, मध्ये हात थांबला की तिथे जोड दिसतो. दादा अर्ध्या दारावर पॉलिशचा कापडी बोळा टाकून पळायचा आणि परत येईपर्यंत दाराच्या मधोमध जोड तयार. बाकी काही म्हणा, त्याला रक्ताचं एवढं वाईट वाटत नव्हतं जेवढं त्या जोडाचं.

नेहमीच्या औषधांनी उतार पडेना. शेवटी डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की एक नवा उपाय उरलाय. तो लागू पडला नाही तर मोठं आतडं काढावं लागेल आणि पोटाला भोक पाडून बाहेर पिशवी लावावी लागेल. पिशवी म्हटल्यावर दादाच्या तोंडचं पाणी पळालं. वहिनी हॉस्पिटलच्या जिन्यातच बसून रडली. तिच्या शेजारी मीही बसले.

नवा उपाय म्हणजे छापलेली गोळी. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर एका बाईंच्या ताब्यात एक यंत्र होतं. केकवर क्रीम सोडावं तसं ते औषध थरावर थर सोडायचं आणि त्याची गोळी व्हायची. दादाचं वजन किती, दुखणं आतड्यात किती खाली आहे, हे सगळं बघून खास त्याच्यासाठी. बाहेरचं कवच असं बेतलेलं की गोळी पोटातून धडधाकट खाली उतरावी आणि जखमा आहेत तिथे पोचल्यावरच उघडावी. बाईंनी पुन्हा पुन्हा बजावलं की चावू नका, फोडू नका, कुटू नका. घासू नका असं काही त्या म्हणाल्या नाहीत. कोण म्हणेल?

बाहेर पडताना दारातच दादानं बरणीतून एक गोळी काढून तिच्यावर बोट फिरवलं आणि नाक मुरडलं. एवढं महागाचं यंत्र, आणि थर बोटाला लागतायत! आम्ही दोघी हसलो. खोट काढल्याशिवाय त्यानं कधी घास गिळलाय?

गोळ्या सुरू झाल्या, पण फरक काडीचा नाही. उलट रक्त वाढलं, गालफडं बसली. दादानं दुकानात येईल त्याला सांगायचा सपाटा लावला की छापून लग्नपत्रिका होतात, औषधं होत नाहीत. त्या बाईंना बिचाऱ्यांना डॉक्टरांची बोलणी खावी लागली. आणि ऑपरेशनची तारीख ठरली.

बाई मात्र चिवट. त्यांनी निरोप धाडला की उरलेल्या गोळ्या घेऊन या, यंत्राचं काही चुकलंय का ते मला बघू दे. आम्ही तिघं गेलो. बाईंनी बरणी पांढऱ्या कागदावर उपडी केली. गोळ्या अशा चमकत होत्या की बघत राहावं. बाईंनी कपाटातून एक ताजी गोळी काढून शेजारी ठेवली, दोन्ही उचलून उजेडात धरल्या आणि विचारलं, “या कोणी घासल्या?”

दादानं एवढ्या आजारपणातही छाती पुढे काढली. “मी. सगळ्यात बारीक पॉलिश पेपरनं. बोट फिरवून बघा.”

बाईंनी खरंच बोट फिरवलं. मग त्या खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, तुम्ही घासून काढलंत ते कवच होतं. औषध सगळं वरच्या वर पोटात सांडत होतं, खाली पोचलंच नाही.

मला इतका संताप आला की दादा आजारी नसता तर मी तिथेच हात उगारला असता. अति तिथे माती म्हणतात, आमच्याकडे अति तिथे भुसा. वहिनी मात्र अगदी हळू बोलली. “तुमच्या बोटाला गुळगुळीत लागावं म्हणून तुम्ही आतडं कापून द्यायला निघालात?”

तो मान खाली घालून बसला.

डॉक्टरांनी दादावर बरंच तोंडसुख घेतलं, पण ऑपरेशन पुढे ढकललं. नव्या गोळ्या वहिनीनं कुलपात टाकल्या. रोज दादाला दोन्ही हात टेबलावर ठेवायला लावायची, गोळी आपल्या हातानं त्याच्या तोंडात घालायची आणि वर पाणी. तो कुरकुरायचा, घशाला खरखर लागते. ती म्हणायची, लागू दे.

रक्त कमी होत होत थांबलं. आतड्यात पुन्हा कॅमेरा घातला तेव्हा डॉक्टरांनी पडद्यावर दोन फोटो दाखवले. पहिल्यात सोललेल्या गुडघ्यासारखं लाल. दुसऱ्यात गुलाबी, स्वच्छ, एक ओरखडा नाही. दादा पुढे वाकला. सवयीनं त्याचं बोट पडद्यावर फिरलं.

“हे काम कोणाचं?” त्यानं विचारलं.

डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले, “तुम्ही हात लावला नाहीत, म्हणून झालं.”

दादानं तो दुसरा फोटो मागून घेतला आणि फ्रेम करून दुकानात टांगला, लाकडाच्या नमुन्यांच्या अगदी वर. वहिनीला शिसारी येते, ती आता दुकानात डबा बाहेरूनच देते. परवा मी तिथे बसले होते. एक गिऱ्हाईक आलं, सगळे नमुने बघून झाले आणि त्यानं त्या फोटोकडे बोट दाखवलं. म्हणाला, दाराला हा रंग द्या, आणि फिनिशिंगही अगदी असंच पाहिजे.

आता हा काय काय फुशारक्या मारतो ते ऐकायला मी सरसावून बसले. दादानं बोळा लाखेत बुडवला, पिळला आणि वर न बघता म्हणाला, “ते माझ्या हातचं नाही.”