शाळेचा पियानो पुन्हा उतरवला तेव्हा

गल्लीत त्यांना सगळे कानसेन म्हणत. चाळीस वर्षं लोकांचे पियानो सुरात लावण्यात गेलेली. त्यामुळे दाराची कडी करकरली तरी ती कुठल्या सुरात करकरते, हे सांगितल्याशिवाय त्यांना राहवायचं नाही. बायकोने आणलेली किटली शिट्टी बेसूर मारते म्हणून त्यांनी ती दोनदा बदलून आणली होती. तिसऱ्यांदा दुकानदाराने त्यांना लांबूनच पाहिलं आणि शटर खाली ओढलं.

मुलींच्या शाळेतला पियानो रोज वाजायचा, पण अकरा वर्षं तो कुणी सुरात लावला नव्हता. मुख्याध्यापकांनी बोलावलं, तेव्हा कानसेन दोन दिवस खपले. एकेक खुंटी किल्लीने पिळून सव्वादोनशे तारा सुरात आणल्या. आतून तीन पेन्सिली, एक मोजा आणि कुणाचं तरी प्रगतिपुस्तक निघालं. त्या दिवशी ते घरी येऊन पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी गाण्याच्या बाई दारात हजर.

"काका, तुम्ही पियानोचं काय केलंत?"

"सुरात लावला."

"तेच तर. परवा कार्यक्रम आहे, आणि आता एकाही मुलीचा आवाज त्याच्याशी जुळेना."

कानसेन तडक शाळेत गेले. बाईंनी वाजवलं, साठ मुली गायल्या आणि सगळा उलगडा झाला. अकरा वर्षांत पियानो उतरत गेला होता, काही तारा जास्त, काही कमी. त्याच्याबरोबर बाई उतरल्या आणि बाईंबरोबर मुली. सगळी शाळा एकदिलाने बेसूर होती.

"पहिल्यासारखा करून द्या," मुख्याध्यापक म्हणाले.

"मी पियानो बिघडवत नाही," असं म्हणून कानसेन घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. "अहो, साठ पोरी रडण्यापेक्षा तुमचे कान दोन दिवस दुखले, तर काय आभाळ कोसळणार आहे?"

मुकाट्याने ते परत गेले. पण बिघडवायचा तरी नेमका किती? शेवटी त्यांनी बाईंनाच शेजारी उभं केलं. बाई एकेक सूर लावायच्या, ते खुंटी सैल करायचे.

"अजून खाली?"

"अजून थोडं."

कानसेनांच्या दाढा आंबल्या. बाईंचा आवाज मात्र दर वेळी बरोबर त्याच चुकीच्या जागी येऊन थांबायचा, केसभरही इकडेतिकडे नाही. संध्याकाळपर्यंत त्यांना बाईंबद्दल आदर वाटू लागला. इतकं पक्कं बेसूर गायलाही कान लागतो.

कार्यक्रमात मुली मोकळ्या गळ्याने गायल्या. आईबापांचे डोळे भरून आले. पहिल्या रांगेत कानसेन खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते. कार्यक्रम संपल्यावर एक गृहस्थ गर्दीतून वाट काढत त्यांच्याकडे आले.

"इतका गोड पियानो मी आजवर ऐकला नाही. माझ्या घरचाही अगदी असाच लावून द्या."

कानसेनांनी त्यांना बाईंचा पत्ता दिला.